लिंबाचा वास वाळवताना गेला कुठे?

मातीखालचा:
सुपर लेमन हेझ या गांजाच्या वाणाचं एकच रोप लावलंय, मी राहतो तिथे कायद्याने तेवढी मुभा आहे. फुलं झाडावर होती तेव्हा बोट नुसतं लागलं तरी लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा वास यायचा. आता बरणी उघडली की वाळकं गवत! दहा आठवडे फुलांची वाट बघून हे. बियाणंच फसवं निघालं का?

बागुलबुवा:
बियाण्याला कशाला दोष? लेमन स्कंक आणि सुपर सिल्व्हर हेझचा संकर आहे तो. 2008 आणि 2009, लागोपाठ दोनदा कॅनाबिस कप, म्हणजे गांजाच्या वाणांच्या स्पर्धेतलं बक्षीस, उगाच नाही मिळाला. किती दिवसांत वाळवलीत?

मातीखालचा:
तीन. पंख्यासमोर. खोली 28 अंशांवर होती.

बागुलबुवा:
मग झालंच! त्या वासात मोठा वाटा लिमोनीनचा, संत्र्याच्या सालीत असतं तेच. फार हलकं, खोलीच्या उबेतही उडून जातं. पुढच्या वेळी अंधारी खोली, 18 अंशांच्या आसपास, आर्द्रता 60 टक्क्यांजवळ, दहा-बारा दिवस. हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत फुलांवर नको. गवताचा वास घाईने वाळवल्याचाच.

कोरडी विहीर:
आणि फुलं चिवडू नका हो. वास असतो तो वरच्या दवासारख्या चिकट ग्रंथींत. त्या फुटल्या की वास बोटांना, फूल कोरडं.

मातीखालचा:
अरे देवा. रोज संध्याकाळी चिमटीत धरून हुंगत बसायचो मी.