शब्दचर्चा : एअरब्रशचा ‘हात’, ‘अस्तर’ आणि संत्र्याची साल

बर्डीकर : भाच्यानं रिमोटच्या गाडीची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आणली आहे, ती तो एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग उडवणाऱ्या हातातल्या यंत्रानं, रंगवणार. व्हिडिओ सगळे इंग्रजी नाहीतर हिंदी, म्हणून त्याला पानभर मराठी टिपण लिहून देतोय. तीन ठिकाणी अडलो. ‘कोट’ला, म्हणजे रंगाच्या एका थराला, काय म्हणू? ‘प्रायमर’ला अस्तर चालेल का? आणि ‘ऑरेंज पील’? नागपुरात राहून एवढा शब्द इंग्रजीत लिहायचा म्हणजे लाजच वाटते. एअरब्रशचा ‘वायुकुंचला’ करून पाहिला, भाचा अर्धा तास हसला.

इतवारीकर : हसणारच. एअरब्रश राहू द्या. अ‍ॅब्नर पीलर नावाच्या अमेरिकनानं १८७९च्या सुमारास हे यंत्र केलं, तेव्हा त्याचं नाव ‘पेंट डिस्ट्रिब्युटर’ होतं. एअरब्रश हे नाव मागाहून चिकटलं.
‘कोट’ला ‘हात’. घर रंगवणारेही ‘दोन हात मारले’ असंच सांगतात. फक्त भाच्याला बजावा, की भिंतीवरचा हात झाकायला असतो, एअरब्रशचा पहिला हात नुसता भुरभुर मारायचा. खालचं प्लॅस्टिक दिसत राहिलं पाहिजे. पहिल्याच हातात झाकायला गेला की ओघळ आलाच.
‘फवारणी’ मात्र लिहू नका. आपल्याकडे फवारणी म्हटलं की कपाशी दिसते आणि पाठीवरचा पंप.

महालवासी : अस्तराचं प्रकरण मजेशीर आहे. स्टायरीनच्या, म्हणजे अपारदर्शक प्लॅस्टिकच्या, मॉडेलला आधी प्रायमर, मग रंग, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक हात. तिथं प्रायमरला अस्तर म्हणा, बिनधास्त. पण तुमची बॉडी पारदर्शक, म्हणजे रंग आतून मारायचा. प्रायमर लागतच नाही. पहिला हात बाहेरून सगळ्यात पुढे दिसतो, आणि शेवटी त्याच्या पाठीशी पांढरा हात द्यायचा, म्हणजे रंग उठून दिसतो. आता अंगात घालायच्या कोटाचं अस्तर कुठं असतं? आत. मग इथं तो शेवटचा पांढरा हातच खरं अस्तर नाही का?
त्याच न्यायानं गडद रंग आधी. काळे पट्टे मारून मग पिवळा. उलट केलं तर पिवळ्यातून मागचा काळा डोकावतो आणि गाडी मळकी दिसते. रंग पॉलिकार्बोनेटचाच घ्या. साधा रंग बॉडी वाकली की पोपडे धरतो. (बाहेरची संरक्षक फिल्म रंग वाळेपर्यंत काढू नका, पोरं आधी तीच ओढतात.)

इतवारीकर : आता ‘ऑरेंज पील’. ‘संत्र्याची साल’ लिहाल तर घोटाळा होईल राजेहो! आपल्या संत्र्याची साल सुटी, नख लावलं की हातात येते. नागपूरकर वाचेल, रंगाची साल निघाली. म्हणजे पोपडे. इंग्रजीत अर्थ वेगळा आहे, सालीवरच्या बारीक खळग्यांसारखा पृष्ठभाग. मी सरळ ‘संत्रं आलं’ म्हणतो. ‘छतावर संत्रं आलं, घास आता वॉटर पेपरनं (ओल्या पॉलिश पेपरनं).’
रंग जाड राहिला किंवा हवा कमी पडली की थेंब पसरून एकजीव व्हायच्या आत थिजतात, मग संत्रं. रंग दुधाइतका पातळ, ०.३ मिमीचा नोझल, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, एवढ्यावर सुरुवात होते.
‘रवाळ’ वेगळं. तिथं थेंब हवेतच वाळून भुकटीसारखे बसतात, हात फिरवला की खरखर. मे महिन्यात गच्चीवर दुपारी मारून पाहा, दुसरं काही येणारच नाही. उन्हाळ्यात पहाटेच बसायचं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येतं, ते अडवणारा वॉटर ट्रॅप नसेल तर एअरब्रश मधेच थुंकतो.

बर्डीकर : ‘थुंकतो’ टिपून घेतलं. एक शंका. रंग आतून आणि बाहेरचा पृष्ठभाग कारखान्यातूनच गुळगुळीत, मग आत संत्रं आलं तरी बाहेरून दिसणार कसं?

महालवासी : नाही दिसणार.

बर्डीकर : म्हणजे ज्या शब्दासाठी आलो तोच टिपणात नको?

इतवारीकर : ठेवा हो. पुढची गाडी स्टायरीनची आणेलच तो.