कुंपणाच्या भिंतीवरचं चित्र : रंगाआधी हे वाचा

क-४०२ : नमस्कार मंडळी. काल रात्री सहलीहून परतलो. आपल्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर चित्र काढायचं घाटतंय, म्हणून लांबलचक लिहितेय. निवांत वाचा.

समुद्रकाठच्या त्या गावात धक्क्याजवळ एक चित्रकार भेटले. तिथलेच, साठीचे. मला वाटलं चित्र चाललंय. पण ते बोटांनी भिंत ठोकत पुढे सरकत होते, पोकळ आवाज आला की खडूने गोल करत होते. तिथला गिलावा आतून सुटलेला. मी रोज संध्याकाळी जाऊन उभी राहायचे. तीन दिवस रंगाचा डबा उघडलाच नाही.

ब-१०३ : मग तीन दिवस केलं काय?

क-४०२ : लोणा काढला, काका. भिंतीवर पांढरी पूड येते ना, ती. कोरड्या ब्रशने झाडून. पाण्याने धुतलं तर मीठ विरघळून परत आत शिरतं आणि भिंत सुकली की पुन्हा वर येतं. त्याचे स्फटिक रंगाच्या मागे वाढतात, रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात.

अ-२०४ : पार्किंगकडच्या भिंतीला हेच झालंय. दरवर्षी रंग, दरवर्षी पोपडे. ऑइलपेंट मारू या, पाणी शिरणारच नाही.

क-४०२ : दादा, मीही त्यांना हेच विचारलं. ओल जमिनीतून वर चढत असेल तर वरून जाड थर देऊन उपयोग नाही. बाहेर पडायची वाट बंद झाली की ती रंगच फुगवते. वाफ बाहेर जाऊ देणारा रंग हवा. ते स्वतः सिलिकेटचा, म्हणजे एक प्रकारचा खनिज रंग, वापरतात. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तो गिलाव्यावर नुसता बसत नाही, त्याच्याशी रासायनिक जोड धरतो. पण त्याला उघडा गिलावा लागतो, म्हणजे आपले जुने थर आधी खरवडावे लागतील.

ड-५०१ : खाऱ्या ओलीचा त्रास फार जुना आहे. व्हेनिसमध्ये जॉर्जोने आणि तिशियन यांनी १५०८ च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या इमारतीवर बाहेरून भित्तिचित्रं काढली. आज त्यांचे काही तुकडेच संग्रहालयात उरलेत. तिथले चित्रकार पुढे कॅनव्हासकडे वळले, त्याचं एक कारण ही हवाच.

ब-१०३ : आणि रंग कोणते? पोरांना झगझगीत हवेत.

क-४०२ : उन्हात गेरू आणि पिवडी टिकतात, त्यात लोहाची संयुगं असतात. झगझगीत गुलाबी बहुधा आधी उडतो. प्रशियन निळा ताज्या सिमेंटवर नको, सिमेंटमधला अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, तो नासवतो. नवा गिलावा केला तर २८ दिवस तरी थांबायचं.

पण मला खरं सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. भिंतीसमोरच्या कट्ट्यावर एक आजी रोज बसतात. चित्रकारांनी त्यांच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली आणि त्याच उंचीवर रंगवलेला दोरा ताणून झटकला. ती चित्रातल्या समुद्राची रेषा. मी आजींशेजारी बसून पाहिलं. दोऱ्याची रेषा आणि भिंतीच्या कडेपलीकडचं खरं क्षितिज अगदी एका ओळीत आलं! उभी राहिले तर दोन्ही वेगळी. रस्त्याने शेकडो लोक जातात, पण त्यांनी चित्र रोज बसून पाहणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी मांडलं. माझे डोळे भरून आले.

अ-२०४ : ताई, हे फार आवडलं. आपल्याकडे बाकावर संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू बसतात.

क-४०२ : तेच माझ्या मनात आहे. चित्र काय काढायचं हे पोरं ठरवू देत, पण उंची काकूंना बसवून घेऊ.

सचिव : चित्राचा विषय पुढच्या बैठकीत घेतो. आधी ओल कुठे आहे ते कसं कळणार?

क-४०२ : भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा. दिवसभराने भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल आतून येतेय. एका जागी लावून भागत नाही, खाली-वर दोन्हीकडे बघायचं.

ब-१०३ : माझ्याकडे प्लास्टिक आहे. आत्ताच खाली जाऊन तीन ठिकाणी लावतो. पोरांना पाठवा, वरच्या तुकड्याला माझा हात पोचणार नाही.

तळमजला-२ : मी बाकावरच आहे. या.