मदत हवी आहे: गाडीतला नासक्या दुधाचा वास जाईना

मंडळी, उदगीरहून लातूरला येताना मामांनी दिलेली दुधाची किटली मागच्या सीटखाली लवंडली. वरचं पुसून काढलं, पण कारपेटखालच्या फोममध्ये मुरलेलं दूध नासलंय. गाडी उन्हात तापली की दार उघडताच भपकारा येतो. खायचा सोडा रात्रभर टाकून व्हॅक्यूम केला, केबिन फिल्टर बदलला. थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. अत्तराच्या बाटल्या कृपया सुचवू नका, नासक्या वासात मोगरा मिसळला की जास्तच मळमळतं! सीट काढून कारपेट धुवावं, की आधी एन्झाइमवालं क्लीनर मारून बघावं? फोम आतून वाळला हे कसं ओळखायचं? लातुरात सीट उचलून नीट काम करणारं कुणी असेल तर सांगा. आईला तुळजापूरला न्यायचंय, तिला आधीच गाडी लागते.