थांबून ऐकायचं नसेल तर "कसे आहात?" विचारू नये

तिरकस (धागाकर्ता)

जिन्यात माणूस भेटतो, "काय, कसे आहात?" म्हणतो आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत वरच्या मजल्यावर पोचलेला असतो. पाठमोऱ्या माणसाला आपण "मजेत!" म्हणून ओरडतो. हे रोज चालतं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, म्हणून हा काथ्याकूट.

माझं म्हणणं एवढंच की प्रश्न विचारला की आपण ऐकण्याचं देणं लागतो. ते द्यायचं नसेल तर "नमस्कार" आहे, हात वर करणं आहे, नुसतं हसणं आहे. इतकं सगळं हाताशी असताना चौकशीचं सोंग कशाला? त्यात विचारणारा थोडं खोटं वागतो आणि सांगणाऱ्याला बरंच जास्त खोटं बोलावं लागतं. ज्याचं सगळं सुरळीत आहे त्याचं "मजेत" फुकट जातं, पण ज्याचं बिनसलंय त्याला तेच दिवसभर म्हणत फिरावं लागतं. हार्वी सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली या खोटेपणावरच एक निबंध लिहिला. त्याचं निरीक्षण असं की आपलं दुखणं कुणाला सांगायचं याचे अलिखित नियम असतात, पण "कसे आहात" विचारायला मात्र कुणालाही मुभा असते. मग ज्याला सांगायचं नाही त्याच्यापुढे "ठीक" म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सॅक्सने यात कुणाला दोष दिला नाही. मी देतो, विचारणाऱ्याला.

गवतीचहा

+१. आणि "बाकी काय?" राहिलंच की! आधी काही बोलणंच झालेलं नसतं, बाकी कशातून काढायची?

अर्धविराम

तीव्र असहमत. धागाकर्ते प्रश्नचिन्ह बघून फसले आहेत.

मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर राहून आला आणि १९२३ साली त्याने एक साधी गोष्ट लिहिली: तब्येतीची विचारपूस, हवापाण्याच्या गप्पा हे बोलणं माहिती देण्याघेण्यासाठी नसतंच. दोन माणसं समोरासमोर आली आणि दोघंही गप्प राहिली तर ती शांतता बोचते, कधी धोक्याचीही वाटते. ती मोडायला शब्द लागतात, कुठलेही. शब्दांत काय आहे याला तिथे फारसं महत्त्व नसतं.

त्याहून नेमका मुद्दा जॉन सर्ल या तत्त्वज्ञाचा, १९६९ चा. वचन देताना ते पाळायचा इरादा हवा, प्रश्न विचारताना उत्तर हवं असायला हवं. इरादा नसेल तर ते खोटं ठरतं. पण अभिवादनाला अशी प्रामाणिकपणाची अटच नाही, असं तो म्हणतो. खोटं वचन असतं, खोटा नमस्कार कधी ऐकलाय? जिथे खरेपणाची अटच नाही तिथे खोटेपणाचा आरोप कसा टिकणार?

तिरकस

@अर्धविराम, सर्ल छानच, पण त्याचं उदाहरण "हॅलो"चं आहे. "हॅलो"ला मीही प्रामाणिकपणा मागत नाही. वाद "कसे आहात"चा आहे आणि ते तुम्ही "हॅलो"च्या पदराआड लपवताय.

साधी परीक्षा सांगतो. कुणी "कसे आहात?" म्हटलं की उत्तरादाखल फक्त "नमस्कार" म्हणा आणि गप्प राहा. समोरचा चपापतो, "काय झालं? रागावलात का?" म्हणतो. म्हणजे उत्तर हवं असतं, फक्त खरं नको असतं. मी सोंग म्हणतो ते यालाच.

रेकॉर्डिंग

दोघांच्या मध्ये पडतो. संभाषणाचा अभ्यास करणारे लोक टेपवरची बोलणी ऐकून, पॉजसकट लिहून काढतात. त्यांच्यातल्याच शेग्लॉफने फोनवरच्या संभाषणांच्या सुरुवाती अशाच तपासल्या. त्याला घंटा, उचलणं, ओळख पटणं, अभिवादन आणि मग "कसे आहात" अशा पायऱ्या दिसल्या. म्हणजे चौकशी ही अभिवादनाहून वेगळी पायरी आहे. इथवर तिरकसरावांचा गुण.

पण ती पायरी येते कुठे ते बघा. फोन करणाऱ्याने आपलं काम काढायच्या आधी. म्हणजे समोरच्याकडे काही मोठं घडलेलं असेल, नोकरी गेली, लग्न ठरलं, कुणी आजारी आहे, तर कामाची गाडी सुरू व्हायच्या आत ते बोलायची ही जागा. बहुतेक वेळा ती "ठीक" म्हणून सोडून दिली जाते. सोडून दिली म्हणून ती नव्हतीच असं होत नाही.

याच अभ्यासातल्या गेल जेफर्सनने तर "ठीक"चेही प्रकार दाखवले. काही उत्तरं अशी असतात की वरून सगळं आलबेल, पण किंचित कोमट, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आत काहीतरी आहे. आपल्याकडे बघा ना, "मस्त!" आणि "चाललंय आपलं..." हे दोन्ही शिष्टाचारात बसतात, पण दुसरं ऐकून जो "का हो?" विचारतो तो खरा विचारणारा. जो "वा वा" म्हणून पुढे जातो तो धाग्यातला जिन्यावाला. खरेपणा पहिल्या प्रश्नात शोधून सापडायचा नाही, त्यानंतर काय होतं ते बघा.

नाडीपरीक्षा

माझा अनुभव व्यवसायातला. रुग्ण आत आला की मी सवयीने "काय, बरं आहे ना?" म्हणायचे. तो पोट धरून बसलेला, आणि उत्तर "हो हो, बरं आहे." मग दोन क्षण थांबून, "म्हणजे, पोटात दुखतंय." आधी हसू यायचं, नंतर काळजी वाटायला लागली, कारण काही जण त्या "बरं आहे"वरच थांबतात, विशेषतः जुने रुग्ण, ज्यांना डॉक्टरांचा वेळ खायचा नसतो. "बरं आहे ना?" मध्ये आपण उत्तर आधीच त्याच्या तोंडात घालतो. शेवटी "अजून काही नाही ना?" विचारलं की "नाही" येणार हेही ठरलेलंच. आता मी थेट "काय त्रास होतोय?" विचारते आणि उठताना "अजून काय काय सांगायचं होतं?" म्हणते. जिन्यात काहीही विचारा, पण जिथे उत्तरावर पुढचं सगळं ठरतं तिथे शिष्टाचाराचं वाक्य वापरू नये.

पाऊलवाट

तिरकस यांचा सगळा भर "बिनसलेल्या माणसाला त्रास होतो" यावर आहे, म्हणून लिहिते. माझ्या घरात मृत्यू झाला तेव्हा मी ती बिनसलेली व्यक्ती होते.

तेव्हा सर्वांत दमवलं ते मनापासून विचारणाऱ्यांनी. हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून, "खरं सांग, कशी आहेस?" मी काय सांगणार? त्यांना पटेल इतकं दुःख दाखवावं लागायचं. कमी दाखवलं तर "आतल्या आत कुढतेय", जास्त दाखवलं तर त्यांचेच डोळे मला पुसावे लागायचे. त्याउलट ऑफिसातला कुणी फाइल ठेवता ठेवता "काय, बरं का?" म्हणायचा, मी "हो" म्हणायचे आणि विषय संपायचा. त्या "हो"मध्ये मी कुणाला फसवत नव्हते. आतलं कुणाला दाखवायचं ते मी ठरवत होते, आणि त्याच्या त्या अर्धवट प्रश्नाने मला तेवढी मोकळीक दिली होती. प्रत्येकाने थांबून ऐकायचं ठरवलं तर माझ्यासारखीने घराबाहेर पडायचंच नाही का?

खडूस

सोपा उपाय. एकदा मूळव्याधीपासून सुरुवात करून संपूर्ण उत्तर द्या. परत कुणी विचारत नाही. (हलके घ्या.)

अर्धविराम

पाऊलवाट, फार नेमकं लिहिलंत. कांटसारखा कर्मठ जर्मन तत्त्वज्ञ, जो खोटं बोलण्याला कुठेच सूट देत नाही, तोही १७९७ साली पत्राखालच्या "आपला आज्ञाधारक सेवक"पाशी अडखळतो आणि म्हणतो, याने कुणी फसत नाही. पुढच्याच वर्षी तो लिहितो की सभ्यपणा म्हणजे चिल्लर. तिला खरं सोनं समजणारा पोरच म्हणायचा, पण व्यवहारात अजिबात पैसा नसण्यापेक्षा चिल्लर बरी.

तिरकस

@पाऊलवाट, तुमच्यापुढे वाद घालायची माझी इच्छा नाही, तरी एक लिहितो. तुम्हाला मोकळीक दिली ती त्या माणसाच्या घाईने. तो "नमस्कार" म्हणाला असता तरी ती मिळालीच असती.

@अर्धविराम, कांटची चिल्लर मान्य. पण ती सुटी करून घ्यायला गेलं की दुकान बंद असतं, तक्रार तिथे आहे.

पाऊलवाट

नसती मिळाली. "नमस्कार" सगळ्यांनाच म्हणतात. "बरं का?"मध्ये त्याला माझं ठाऊक आहे एवढं होतं, आणि त्यावर मी काही बोलावं अशी अपेक्षा नव्हती.

हेडफोन

मी ग्राहकसेवेत फोनवर काम करते. पहिलं वाक्य ठरलेलं: "नमस्कार, आज आपण कसे आहात?" म्हटलं नाही तर गुण कापतात. आणि फोन लांबला तरी कापतात! बहुतेक लोक "ठीक, माझं बिल..." म्हणतात. पण एखादे एकटे राहणारे आजोबा खरोखर सांगायला लागतात, गुडघा, मुलगा, झोप. मला ऐकावंसं वाटतं, समोर घड्याळ पळत असतं. आता यात खोटं कोण, मी की वाक्य लिहिणारा? रेकॉर्डिंग म्हणतात तशी बोलायची जागा मीच उघडते आणि मीच बंद करते.

रेकॉर्डिंग

वाक्य लिहिणारा. तुम्हाला "का हो?" म्हणायची सोयच त्याने ठेवलेली नाही.

तिरकस

हेडफोन, तुमच्या साहेबांना सांगा, नुसतं "नमस्कार, बोला" ठेवा.

हेडफोन

"बोला" म्हटल्यावर तर आजोबा अजून जास्त बोलतील हो.