मायक्रोब्लेझचा सी कोड बदलला की दरवेळी पूर्ण बिल्ड?

प्रश्न (फ्लिपफ्लॉप_पुणे): आर्टिक्स-७ एफपीजीए (आतलं सर्किट आपण ठरवायची चिप) बोर्ड, व्हिवाडोत (त्याचं डिझाइन टूल) मायक्रोब्लेझ, म्हणजे एफपीजीएतच बनवलेला प्रोसेसर, आणि त्याचा प्रोग्रॅम बीरॅममधे, म्हणजे चिपमधल्या मेमरीत. यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) छापायचं एक वाक्य बदललं तरी सिंथेसिस (कोडमधून सर्किट बनवणं), इम्प्लिमेंटेशन (ते चिपवर बसवणं) सगळं परत चालवतोय, चहा पिऊन आलं तरी राउटिंग (तारा जोडणं) संपलेलं नसतं. हार्डवेअर तर तेच आहे ना, मग शॉर्टकट आहे का काही?

बिटबाबा: अरे कशाला! बीरॅममधला डेटा बिटफाइलमधेच (चिपमधे उतरवायच्या फाइलमधे) असतो, तेवढाच बदलायचा. अपडेटमेम कमांड बघ, तिला एमएमआय फाइल (मेमरीचा नकाशा), नवीन ईएलएफ (कंपाइल झालेला प्रोग्रॅम), जुनी बिटफाइल, प्रोसेसरचा पाथ आणि आउटपुटचं नाव द्यायचं, काही सेकंदात काम होतं. कुठला पत्ता कुठल्या बीरॅममधे बसलाय ते एमएमआयमधे लिहिलेलं असतं, म्हणून इम्प्लिमेंटेशन परत केलंस की एमएमआय पण त्याच रनची घे, जुनी दिलीस तर बिट्स भलतीकडेच जातील.

फ्लिपफ्लॉप_पुणे: भारी, झालं! पण प्रॉकला, म्हणजे कमांडमधल्या प्रोसेसरच्या पाथला, काय द्यायचं यात बराच वेळ गेला, नुसतं इन्स्टन्सचं (डिझाइनमधल्या प्रोसेसरचं) नाव चालत नाही, रॅपरच्या (सगळ्यात वरच्या मॉड्यूलच्या) आतला अख्खा पाथ लागतो.

बिटबाबा: तो एमएमआय फाइल उघडून कॉपी करायचा, सरळ एक्सएमएल आहे. आणि हो, प्रोग्रॅम बीरॅममधे मावेनासा झाला तर मात्र साइज वाढवून परत बिल्ड करावंच लागेल.

निऑसवाली: क्वार्टसवाल्यांसाठी (अल्टेराच्या एफपीजीएंचं टूल), प्रोसेसिंग मेनूत अपडेट मेमरी इनिशियलायझेशन फाइल, मग फक्त असेम्ब्लर (चिपमधे उतरवायची फाइल बनवणारा टप्पा), फिटर (सर्किट चिपवर बसवणारा टप्पा) नको. आणि नुसतं डीबगच करायचं असेल तर दोन्हीकडे जेटॅगवरून (डीबगिंगच्या केबलवरून) ईएलएफ थेट उतरवा, बिटफाइलला हातही लावू नका.