पोर्तुगालच्या लहान गावातलं जेवण: तुमचे अनुभव लिहा

आंबेमोहोर:
सकाळी खलबत्त्यात लसूण, कोथिंबीर आणि खडेमीठ कुटत होते. साधी चटणी करायची होती. वास वर आला आणि हात थांबलाच. एश्त्रेमोझची ती दुपार समोर उभी राहिली.

2017 च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे लिस्बनला आली होती. एश्त्रेमोझला शनिवारी मोठ्या चौकात बाजार भरतो, म्हणून तिला घेऊन गेलो. आलेंतेजू भागातलं गाव. आजूबाजूला संगमरवराच्या खाणी, त्यामुळे साध्यासुध्या घरांचे उंबरेसुद्धा संगमरवरी. आई प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबायची. बाजारात चीज, ऑलिव्ह, जिवंत कोंबड्या, जुनी भांडी. दीड वाजता भूक अनावर झाली तेव्हा एका बोळातल्या खाणावळीत शिरलो. सहा टेबलं, त्यांवर कागद अंथरलेला, कोपऱ्यात टीव्हीवर बातम्या, पाटीवर खडूने 'प्रातु दु दिया' म्हणजे आजचं ताट.

आई मासे-अंडी खाते, मटण-डुक्कर नाही. मी मोडकंतोडकं सांगितलं. मालकीणबाई सत्तरीच्या असतील. त्यांनी आईचा हात धरला आणि तिला थेट आत नेलं. ओट्यावर खल होता. लसूण, मीठ, मूठभर कोथिंबीर कुटली, ऑलिव्ह तेल ओतलं, मग कढत पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे, वर पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं. असॉर्डा म्हणतात त्याला. शेतमजुरांचं खाणं. आई म्हणाली, "अगं, माझी आजी शिळ्या भाकरीवर असंच लसणीचं पाणी ओतायची." मालकीणबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी खल आईच्या हातात दिला. दुसऱ्या वाडग्यासाठी आईने कुटलं.

आज हातात होता तो खलबत्ता आईचाच. ती गेल्यावर माझ्याकडे आला.

तुम्हीही लिहा. मोठ्या शहरातलं नको, लहान गावातलं.

घाटमाथा:
वाचून गलबललो. आईंनी कुटलेला तो दुसरा वाडगा कुणी खाल्ला?

आंबेमोहोर:
मालकीणबाईंनीच. आमच्या टेबलावर बसून.

पाऊलवाट:
नवीन जाणाऱ्यांसाठी आधी एक. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी समोर येतं. ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे नाहीत, खाल्लं तर बिलात लागतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, तिथली रीतच आहे. नको असेल तर हसून परत द्या. आणि 'मेया दोझ' मागा, म्हणजे अर्धा वाढा. तो अर्धाच दोघांना पुरतो!! बाकी नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

खाजण:
ताविरा. आल्गार्व्हचा पूर्वेकडचा भाग. ओहोटीला उघडी पडणारी खाडी, चिखलात वाकून शिंपल्या काढणारी माणसं. एक मिनिट वाटलं की मी गावीच आहे. संध्याकाळी ताटात आल्या त्या तिसऱ्याच. लसूण, ऑलिव्ह तेल, लिंबू आणि वर भरपूर कोथिंबीर. खोबरं नाही, तिरफळ नाही, तरी चव ओळखीची. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा असतो. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेने तेच सांगितलं. मी आधीच पुसत होतो.

पुरणपोळी:
मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. पोंत द लिमाला गेले होते, उत्तरेला मिन्यु भागात. नदीवर जुना दगडी पूल, अतिशय सुंदर गाव. काल्दु व्हेर्द मागवलं. बटाट्याचं दाट सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पानं. नीट विचारून घेतलं होतं, तरी तळाशी सॉसेजची चकती निघाली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वाढणाऱ्या मुलाला वाटलं सूप गार आहे. मग भाषांतर करून दाखवलं तेव्हा तो बिचारा किती वेळा माफी मागत होता. भाजलेले बटाटे, टोमॅटोचा भात, मक्याचा पाव असं सगळं आणून ठेवलं. काल्दु व्हेर्दमध्ये ती चकती असतेच, हे शाकाहारी लोकांनी पक्कं लक्षात ठेवा. 'मांस नको' एवढं पुरत नाही, सॉसेजचं नाव घेऊन 'शोरिसु नको' म्हणा.

घाटमाथा:
पुरणपोळी, वाईट वाटलं. 2017 पासून तिथे सरकारी शाळा, इस्पितळं वगैरेंच्या उपाहारगृहांत शाकाहारी पर्याय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. खाजगी खाणावळींना मात्र तो कायदा लागू नाही.

पुरणपोळी:
हो का! लेक पुढच्या वर्षी शिकायला जातेय, तिला सांगते. तिच्या सामानात कुकर द्यावा का? कुणी नेलाय का विमानातून?

पाऊलवाट:
चेक-इन बॅगेत दे, काही होत नाही. मी तीन लिटरचा नेला होता.

कोर्लईकर:
आंबेमोहोर ताई, तुमच्या 'प्रातु'वरून आठवलं, आपली परात तिकडचीच. पाव, बटाटा, कोबी, बादली, चावी, घमेलं, पगार, सगळे तिकडूनच आलेले.
मी कोर्लईचा, रेवदंड्याच्या समोरच्या तीरावरचा. 1740 मध्ये पोर्तुगीज इथून गेले पण आमच्या पाड्यावर घरात अजून नौ लिंग बोलतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज आणि मराठी एकजीव झालेली बोली. कामानिमित्त अमारांतला होतो तेव्हा खाणावळीत आजीची ती बोली बोलून पाहिली. म्हाताऱ्या आचाऱ्याने पळी खाली ठेवली आणि परत बोल म्हणाला. अर्धं कळलं त्याला, अर्धं नाही. जेवण काय होतं ते सांगायचं राहिलंच, बाकाल्याउ होतं. खारवून वाळवलेला कॉड.

खाजण:
कोर्लईकर दादा, यावर वेगळा धागा काढाच. आजीची एखादी म्हण वगैरे असेल तर त्यात द्या.
आणि बाकाल्याउ म्हणजे त्यांचा सुका बाजारच. एक-दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, तेव्हा कुठे मीठ उतरतं. आमच्याकडे खारा बांगडा असाच भिजवतात, पण तासाभरात काम होतं. एवढा किनारा असून त्यांचा हा लाडका मासा त्यांच्या पाण्यातला नाहीच, नॉर्वेकडून येतो.

सायसाखर:
सेर्रा द एश्त्रेला डोंगरात मांतेइगश नावाचं गाव आहे. मांतेइगा म्हणजे लोणी! तिथे मेंढीच्या दुधाचं चीज खाल्लं. दूध विरजायला रानातल्या काटेरी झाडाची जांभळी फुलं वापरतात. वरची चकती कापायची आणि आतलं मऊ चीज चमच्याने काढून पावावर घ्यायचं. त्या दिवशी बाहेर धुकं, आत शेगडी. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, आम्ही दोघं दोन दिवस नीट बोललोही नव्हतो. त्या चीजच्या चमच्यावरून बोलणं सुरू झालं. शेवटी आरोझ दोस, आपल्या तांदळाच्या खिरीचीच घट्ट बहीण, वर दालचिनीच्या पुडीने काढलेली नक्षी. मी ती मोडेना, तर हे म्हणाले, रांगोळी आहे का ती, खा.

घाटमाथा:
"रांगोळी आहे का ती" फार आवडलं. आता दोघं बरे ना?

सायसाखर:
हो, मजेत. यांना वर्षभरात दुसरीकडे लागली.

पाऊलवाट:
आले परत. निघताना 'ओब्रिगादा' म्हणायला विसरू नका. बाई असाल तर ओब्रिगादा, पुरुष असाल तर ओब्रिगादु. आपल्या येते-येतो सारखंच. माझा भाऊ आठवडाभर ओब्रिगादा म्हणत होता आणि सगळे त्याच्याशी फार प्रेमाने वागत होते.

पुरणपोळी:
आंबेमोहोर, असॉर्डा अंड्याशिवाय होईल का गं? पाव कालचाच आहे घरात.

आंबेमोहोर:
होईल की. पाव मात्र जाड कवचाचा, घट्ट हवा, आपल्या लादीपावाचा लगदा होतो. कोथिंबीर देठांसकट घे आणि मिक्सरला लावू नकोस, कूटच.

पुरणपोळी:
लादीपावच आहे. मग शिळ्या भाकरीवर करते, तुझ्या पणजीसारखं.