पावसाळ्यात उतरलेल्या वरातीच्या घोड्या: तक्रार आधी करावी की वैरण आधी द्यावी?

प्रश्न (रविवारचा स्वार)

नमस्कार. आम्ही काही जण पुण्याच्या पूर्वेकडील एका तबेल्यात रविवारी घोडेस्वारीसाठी जातो. त्या वाटेवर, सोलापूर रस्त्यापासून थोडे आत, एका मोकळ्या भूखंडावर पत्र्याच्या अर्धवट छपराखाली तीन जनावरे बांधलेली असतात: एक नुकरा (पांढरी) घोडी, एक कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी आणि तिचे साधारण वर्षाचे शिंगरू. लग्नसराईत याच घोड्या साज चढवून वरातींना जाताना आम्ही पाहिल्या आहेत आणि तेव्हा त्या अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. आषाढी एकादशीनंतर मात्र त्या दर आठवड्याला खालावत चालल्या आहेत. नुकरा घोडीच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतात, पुठ्ठ्याची हाडे वर आली आहेत आणि पुढच्या खुरांची टोके वाढून वर वळू लागली आहेत. कुमैत घोडीच्या मागच्या दोन्ही पायांना सूज दिसते. पाण्याच्या पिंपात हिरवे शेवाळ धरले आहे. समोर कडबा असतो, पण तो भिजून काळा पडलेला. नुकरा घोडी त्यातली एक काडी बराच वेळ तोंडात घोळवते आणि शेवटी तिचा ओला बोळा खाली टाकून देते. तसे कितीतरी बोळे तिच्या पायाशी पडलेले असतात.

मालक तेथे राहत नाही. सकाळी एक मुलगा येऊन वैरण टाकून जातो, एवढेच शेजारच्या गॅरेजवाल्याकडून कळले. याला हयगय म्हणता येईल का? आम्ही हरभरा आणि गूळ नेऊन खाऊ घातला तर चालेल का? आणि तक्रार करायचीच झाली, तर ती नेमकी कोणाकडे करावी? आमच्या गटातील काहींचा आग्रह आहे की व्हिडिओ आजच सगळीकडे पाठवावा.

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक)

सर्वांत आधी हरभऱ्याचे सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. कृपया हरभरा, गूळ, भरडा किंवा कोणतीही चंदी (दाण्याचा खुराक) नेऊ नका. खूप दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम पिष्टमय आहार मिळाला की रक्तात इन्सुलिन वाढते, आणि त्याबरोबर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाऊन त्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या घसरते. मग हृदय आणि श्वसन कोलमडते, आणि तेही लगेच नव्हे, तर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. त्यामुळे खाऊ घालणाऱ्याला वाटते की जनावर सावरत होते आणि अचानक गेले. अशा घोड्याला वाळवलेली, पानांनी भरलेली लसूणघास थोडी थोडी देतात. पूर्ण वाढीच्या घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे अर्धा किलो, आणि पुढे आठवडाभरात वाढवत नेऊन दिवसातल्या वेळा कमी करायच्या. हेही पशुवैद्यकाने तपासल्यानंतरच. स्वच्छ पाणी मात्र आजच देण्यास हरकत नाही. काम नसलेल्या घोड्यालाही दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, आणि शेवाळलेल्या पिंपाला तो अनेकदा तोंडच लावत नाही.

आता हयगयीविषयी. नुसत्या बरगड्या दिसणे हा पुरावा नव्हे. 1983 साली टेक्सासमधील हेनेके यांनी घोड्याच्या अंगावरील मांस-चरबी जोखण्यासाठी एक ते नऊ अशी श्रेणी सुचवली आणि ती आज जगभर वापरली जाते. तीत मान, मानेच्या बुडाचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा पाहतात. बरगड्यांची पुसट रेघ दिसणारा घोडा चौथ्या श्रेणीत बसतो आणि तो निरोगी असू शकतो. पाठीच्या कण्याचे मणके, पुठ्ठ्याची टोके आणि शेपटीचे मूळ ही तिन्ही ठिकाणे उघडी पडली असतील, तर ती पहिली-दुसरी श्रेणी, आणि तेथे वेळ दवडण्यात अर्थ नाही. आपल्या वर्णनावरून नुकरा घोडी त्या दिशेने चालली आहे असे वाटते.

परंतु आपण लिहिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ते ओले बोळे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळण्याने झिजत राहतात. वय झाले की दाढांच्या कडा धारदार होतात, काही दाढा पडतात, आणि मग कडब्यासारखी राठ वैरण त्याला बारीक करताच येत नाही. तो चावतो, बोळा करतो आणि टाकतो. म्हणजे ही घोडी वैरणीच्या ढिगासमोर उपाशी असण्याची शक्यता आहे. त्यामुळे मालकाची जबाबदारी संपत नाही, कारण दाढा कानशीने घासून घेणे हेही त्याचेच काम आहे. पण उपाय मात्र बदलतो. शिवाय तो कडबा भिजून काळा पडला असेल, तर बुरशीमुळे पोटशूळ होण्याचा धोका वेगळाच.

कुमैत घोडीची सूज मला जास्त खटकते. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग पसरतो. अधूनमधून ताप, पायांना व पोटाखाली सूज, आणि खाऊनही खंगत जाणे ही त्याची लक्षणे आहेत. तो रक्ततपासणीशिवाय ठरवता येत नाही. आणि एक सावधगिरी: तिघांपैकी कोणाच्याही नाकातून घट्ट, चिकट स्राव येत असेल किंवा अंगावर गाठी फुटलेल्या असतील, तर हात लावू नका. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्यानुसार त्याची सूचना शासनाला देणे बंधनकारक आहे.

उत्तर (तळेगावकर)

डॉक्टरसाहेबांचे सर्व मान्य, पण मला व्हिडिओ टाकण्यात काही गैर वाटत नाही. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, पुन्हा जावे, साहेब दौऱ्यावर आहेत असे ऐकून परत यावे, यात महिना जातो. व्हिडिओ फिरला की संध्याकाळपर्यंत सगळी यंत्रणा जागी होते. जनावराला महिना नसतो.

उत्तर (घोडीवाले)

आमच्या घरी आजोबांपासून वरातीच्या घोड्या आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ती मालकाचा बचाव म्हणून वाचू नये.

तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत आमची कमाई. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे घोडी चार महिने उभी राहते आणि खाते मात्र रोज. चारशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा ते आठ किलो कोरडी वैरण लागते, आणि पावसाळ्यात चांगली कोरडी वैरण मिळणे हेच मुळात कठीण. ज्याच्याकडे पावसाळ्यापूर्वी साठवायला कोरडी जागा नाही आणि उन्हाळ्यात आगाऊ घ्यायला पैसे नाहीत, त्याची घोडी श्रावणात उतरते. विकावी म्हटले, तर मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरेपर्यंत तिला नीट गिऱ्हाईक नसते, आणि तेथेही उतरलेल्या घोडीला कोण विचारतो? काही जण घोडी उधारीवर घेतात आणि हप्ते चातुर्मासातही चालूच राहतात. यामुळे उपाशी ठेवण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. पण तुम्ही ज्याच्याशी बोलायला जाणार आहात तो क्रूर आहे की अडचणीत आहे, हे न बघता गेलात, तर पहिल्याच वाक्याला बोलणे तुटेल.

व्हिडिओचे आमच्या भागात काय होते तेही सांगतो. मालक घाबरतो आणि रात्रीतून जनावरे टेम्पोत घालून गावाकडे पाठवून देतो, किंवा येईल त्या भावात कोणालाही देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तुमचे लोक पोहोचतात तेव्हा भूखंड मोकळा असतो. अशक्त घोडीला टेम्पोत तासन्तास उभे करून नेणे म्हणजे काय, ते डॉक्टरसाहेब सांगतीलच. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तो निर्णय योग्य की अयोग्य यात मी पडत नाही. पण गाडी बंद झाली की घोड्याला उद्यापासून कोण खाऊ घालणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तुमच्या त्या भूखंडावरही तोच आहे.

माझा सल्ला असा की त्या मुलाच्या ओळखीने मालकाला गाठा, सोबत एखाद्या जुन्या घोडेवाल्याला किंवा नालबंदाला न्या, आणि पहिले बोलणे खुरांविषयी काढा. खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात हे प्रत्येक घोडेवाल्याला माहीत असते. त्यावर तो चिडत नाही, ओशाळतो. तेथून पुढचे बोलता येते.

उत्तर (वकिली काळा कोट)

तक्रारीची बाजू मांडतो, कारण येथे अनेकांची अपेक्षा आणि कायद्याची ताकद यांत मोठे अंतर आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 3 प्रमाणे जनावर ताब्यात असणाऱ्याने त्याची काळजी घेणे हे कर्तव्य आहे, आणि कलम 11(1) च्या खंड (एच) प्रमाणे मालकाने पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याची शिक्षा आजही दहा ते पन्नास रुपये दंड एवढीच आहे, आणि हा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. ठाण्यात ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 325 दखलपात्र असून त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र ते जनावर मारणे, विष घालणे, अपंग वा निरुपयोगी करणे यांसाठी आहे. घोडी रोड आहे एवढ्यावर ते लावण्याचा आग्रह धरलात, तर प्रकरण पहिल्याच पायरीवर अडेल.

म्हणून दंडापेक्षा दुसऱ्या तरतुदी उपयोगी आहेत. कलम 35 प्रमाणे दंडाधिकारी अशा जनावराला उपचारासाठी प्राणी-उपचारगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात आणि खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. खटला चालू असताना जप्त जनावरांच्या देखभालीचे 2017 चे नियमही आहेत. पण या सगळ्याचा पाया म्हणजे पशुवैद्यकाचा लेखी, तारखेचा अहवाल. त्यामुळे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे एकाच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि प्रत पोलीस ठाण्याला द्या. तातडीसाठी 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा आहे.

आणखी दोन गोष्टी. कलम 36 प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला दाखल करता येत नाही, त्यामुळे छायाचित्रे तारखेसह, दर वेळी त्याच कोनातून, सार्वजनिक रस्त्यावरून घ्या. पाण्याचे पिंप, वैरण आणि खूर यांची वेगवेगळी घ्या. आणि कोणी कितीही भावनेच्या भरात असले, तरी भूखंडात शिरून जनावरांची दावी सोडू नयेत. ती चोरी ठरू शकते, आणि मग मालक तक्रारदार होतो व तुम्ही आरोपी. तळेगावकरांना माझा विरोध व्हिडिओ काढण्याला नाही, तो पसरवण्याला आहे. काढलेला व्हिडिओ अर्जासोबत जोडा.

प्रश्नकर्त्याचे निवेदन (रविवारचा स्वार)

सर्वांचे आभार. घोडीवाले यांच्या सांगण्याप्रमाणे आमच्या तबेल्यातील नालबंदांना बरोबर नेले आणि मालकाच्या पुतण्याशी भेट झाली. मालक स्वतः आजारी असून गावी आहेत. वैरणीची जबाबदारी या पुतण्यावर आहे आणि तो कॉलेजात शिकतो. त्याने आत येऊ दिले. दवाखान्यातील डॉक्टरही आले. नुकरा घोडीच्या दाढांना दोन्ही बाजूंनी धार आली आहे आणि खालची एक दाढ नाही. कुमैत घोडीच्या रक्ताचा नमुना घेतला असून अहवाल यायचा आहे. शिंगराला जंताचे औषध दिले. डॉक्टरांनी अर्जावर तपासणीची लेखी नोंद केली आहे; अर्ज मागे घेतलेला नाही, पण पुढे रेटलेलाही नाही.

वैरणीसाठी आमच्या गटाने काही रक्कम जमवली आहे. ती पुतण्याच्या हाती रोख द्यावी की वैरण थेट टाकावी, यावर आमच्यात मतभेद आहेत. तसेच सर्रा निघाला, तर शेजारच्या जनावरांचे काय?

उत्तर (निवृत्त पशुवैद्यक)

वैरण थेट टाका, आणि पावत्या ठेवा. अर्ज पुढे न्यावा लागला तर मालकाने काय दिले व दुसऱ्यांनी काय दिले हे वेगळे दाखवता आले पाहिजे. नुकरा घोडीची वैरण कुट्टी करून, भिजवून मऊ केलेली असावी, अन्यथा चांगली लसूणघासही ती बोळे करून टाकेल. दाढा घासण्याची घाई या आठवड्यात करू नका. त्यासाठी गुंगीचे औषध द्यावे लागते आणि एवढ्या अशक्त जनावराला ते देण्यापूर्वी तिने थोडे अंग धरलेले बरे. हिरवी वैरण म्हणून कोणी कोवळी ज्वारी कापून आणली तर परत पाठवा, तीत विषबाधेचा धोका असतो.

सर्रा निघाला, तर औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि अंदाजे दिलेली मात्रा घातक होऊ शकते, तेव्हा ती दवाखान्यातील डॉक्टरांवरच सोपवा. हा रोग घोड्यापुरता राहत नाही. बैल, म्हशी आणि कुत्र्यांतही जातो. माश्या रक्त पिऊन एका जनावरावरून दुसऱ्यावर बसतात, म्हणून अहवाल येईपर्यंत कुमैत घोडीला इतरांपासून लांब बांधावे, लीद रोज उचलावी आणि संध्याकाळी धूर करावा. आपल्या तबेल्यातील घोडे त्याच वाटेने जात असतील, तर त्यांचेही रक्त तपासून घ्या.